ठिगळ लावलेले चेहरे

चित्रकार फ्रँक आउरबाख यांचा जन्म १९३१ साली बर्लिनमधील यहुदी घराण्यात झाला. १९३९ साली, आठ वर्षे पुरी होण्याआधीच, आईवडिलांनी त्यांना इंग्लंडला धाडले. मागे राहिलेल्या त्या दोघांना नाझींनी ठार मारले. १९५४ पासून लंडनच्या कॅमडेन भागातील एकाच स्टुडिओत त्यांनी चित्रे काढली. १९५८ ते १९६५ या काळात कॅम्बरवेलच्या कलाशाळेत शिकवलेही. २०२४ साली ते निवर्तले.

त्यांची सुरुवातीची तैलचित्रे मला जड वाटतात. रंगाच्या थरांखाली माणूस दडपतो. थोरवी आहे ती त्याच काळातील कोळशाच्या चित्रांत. समोर बसणारी माणसे तीच, ओळखीची. एका बैठकीत काढलेला चेहरा ते पुसत आणि पुढच्या बैठकीत पुन्हा काढत. खोडून खोडून कागद फाटला, तर ठिगळ लावून काम चालू ठेवत. ती ठिगळे आजही दिसतात.

या काळ्या चेहऱ्यांत अनेकांना केवळ दुःख दिसते. ते आहेच. पण माणूस नीट सापडेपर्यंत त्याला सोडायचे नाही, ही चिकाटी मला त्याहून मोठी वाटते. कोणत्याही विद्यार्थ्याला शिक्षकाकडून हाच धडा मिळावा.