स्नायूंच्या मूलपेशी : तुलनेची कसोटी

आखाड्यात मल्लाचा दंड दुखावला, तरी काही सप्ताहांत स्नायू पुन्हा भरून येतो, हा कोल्हापुरास नित्याचा अनुभव. ही भरपाई करणाऱ्या मूलपेशी १९६१ साली अलेक्झांडर मौरो यांनी बेडकाच्या स्नायूत प्रथम वर्णिल्या. स्नायुतंतूच्या कडेस लगटून असल्यामुळे त्यांना उपग्रहपेशी हे नाव मिळाले.

शरीरातील या सर्व पेशी एकाच जातीच्या आहेत काय, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. ड्यूशेन स्नायुक्षयात हातापायांचे स्नायू झिजत जातात. नेत्रगोल फिरविणारे स्नायू मात्र बव्हंशी वाचतात. म्हणून दोन्ही ठिकाणच्या पेशींत कोणती जनुके व्यक्त होतात, याची तुलना संशोधकांनी आरंभिली, हे योग्यच होय. भ्रूणावस्थेत हातापायांच्या स्नायूंची घडण पॅक्स-३ या जनुकावर, तर नेत्रस्नायूंची पिटक्स-२ वर अवलंबून असते. तेव्हा भेदाची अपेक्षा निराधार नाही.

दोष आहे तो रीतीत. पेशी सुट्या करण्यासाठी स्नायू कातरून विकरांच्या उबदार द्रावणात ठेवावा लागतो. पेशीच्या दृष्टीने ही जखमच. ऊती आधी रसायनाने स्थिर करून मग पेशी वेगळ्या केल्या, तर फॉस, जुन यांसारख्या जनुकांची उसळी दिसत नाही, असे २०१७ मधील संशोधनाने दाखविले. अर्थात पूर्वीच्या अनेक तक्त्यांत ‘विश्रांत’ म्हणून नोंदलेली पेशी वस्तुतः जागी होऊ लागलेली होती. दोन स्नायूंवरील प्रक्रियेचा अवधी भिन्न असेल, तर त्या भिन्नतेलाच जातिभेद समजण्याचा धोका उरतो.

दुसरी मर्यादा स्थानाची. रामकुमार सांबशिवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेत्रस्नायूंतील पेशी उंदराच्या पायाच्या स्नायूत रोपिल्या. त्यांनी तेथील दुरुस्ती पायाच्या पेशींइतकीच समर्थपणे केली. नेत्रस्नायूंची खास जनुके मात्र तेथे व्यक्त झाली नाहीत. सारांश, तक्ता पेशीची त्या क्षणीची अवस्था सांगतो. तिचा स्वभाव प्रत्यारोपणाविना सिद्ध होत नाही.

असे तक्ते आज सार्वजनिक संग्रहांत विनामूल्य मिळतात आणि कोल्हापुरातील विद्यार्थीही प्राणी न हाताळता त्यांवर काम करू शकतो. त्याने आकड्यांकडे वळण्यापूर्वी पेशी कशा व किती वेळात वेगळ्या केल्या, हा रकाना आधी वाचावा. तो रिक्त असेल, तर त्या तुलनेवर उपचाराची आशा उभारणे रुग्णांवर अन्याय करणारे ठरेल.