एका दिवसातले विजापूर

‘एक दिवस अमुक शहरात’ या धाटणीचे लेख दिवाळी अंकांत आपण सर्वच वाचतो. खरे सांगायचे तर चाळतो. पहाटे बसमधून उतरायचे, रिक्षा ठरवायची आणि दिवेलागणीपर्यंत आठ-नऊ स्थळे उरकायची. पुढे लेखही तसाच उरकलेला असतो.

विजापूरचेच पाहू. (२०१४ पासून सरकारदरबारी ते विजयपुरा झाले, आमच्या तोंडी मात्र विजापूरच.) आमच्या सीमाभागातल्या शाळांच्या सहली तिथे हमखास जातात. सकाळी ताज्या पायांनी गोलघुमट. मुले सज्जात आरोळ्या ठोकतात, प्रतिध्वनी मोजतात, गुरुजी घुमटाचा व्यास सांगतात : सुमारे ४४ मीटर. मग जुम्मा मशीद, बारा कमान, मुलूख मैदान तोफ, उपळी बुरूज. आणि पाय बोलू लागल्यावर, सर्वांत शेवटी, इब्राहिम रोझा. लेखात घुमटाला दीड पान आणि रोझ्याला दोन ओळी. मलिक संदलने उभारलेल्या त्या वास्तूतील नाजूक दगडी जाळ्या ‘अप्रतिम’ या एका शब्दात गुंडाळल्या जातात. दोष थकव्याचा नाही. थकवा लपवण्याचा आहे.

पु. ल. देशपांडे ‘अपूर्वाई’त (१९६०) प्रवाशालाच, म्हणजे स्वतःलाच, विनोदाचा विषय करतात, म्हणून तिथे पाहणारा माणूस दिसतो. गोडसे भटजी तर स्थळे पाहायला निघालेच नव्हते. १८५७ साली वरसईहून द्रव्यार्जनासाठी निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. १९०७ मध्ये छापून आलेल्या ‘माझा प्रवास’मधली झाशी आजही अंगावर येते, कारण ती तहान आणि भीती यांतून पाहिलेली आहे. स्थळांची यादी करायला त्यांना सवड कुठली!

विजापुरात आपली आणखी एक अडचण होते. मराठी लेखक तिथे शिवचरित्र बरोबर घेऊनच उतरतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण शहाजीराजे याच दरबारचे सरदार होते, आणि आदिलशाहीच्या महसुली कागदांत मराठी वावरत होती. शत्रूची राजधानी म्हणून तासाभरात निकालात काढावे, असे हे गाव आपल्याला परके नाही.

काही वर्षांपूर्वी सहलीहून आल्यावर शाळेच्या हस्तलिखितासाठी मी निबंध मागवले. गवंड्याच्या एका मुलीने फक्त बारा कमानीवर लिहिले. या कमानींवरचे छत पडले की घातलेच नव्हते, एवढाच तिचा प्रश्न. तिने तो तिथेच विचारायचे ठरवले होते, पण तेवढ्यात पुढे निघण्याची शिट्टी झाली. शिट्टी माझीच होती. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर अपुरीच राहिली, तो १६७२ मध्ये वारला, हे दोन वाक्यांत सांगता आले असते.

त्या निबंधात गोलघुमटाचा उल्लेख नाही, म्हणून मी तिचे तीन गुण कापले होते.