‘स्कॅव्हेंजर’ : एका शब्दाची उतरण

शब्दांचा इतिहास सांगण्याची आपल्याकडची रीत पंडितांची आहे. शब्द कुठून आला, धातू कोणता, मूळ अर्थ काय, एवढे सांगितले की पंडिताचे काम संपते. तो शब्द कुणाच्या अंगावर जाऊन पडला हा प्रश्न व्युत्पत्तीच्या पुस्तकात बसत नाही. ‘स्कॅव्हेंजर’ या इंग्रजी शब्दाविषयी मी लिहितो आहे ते या दुसऱ्या प्रश्नासाठी. हा शब्द इंग्लंडात जन्मला, पण आज तो भारतीय कायद्याच्या शीर्षकात बसलेला आहे, आणि माणूस गटारात मेला की त्याचा मृत्यू कोणत्या रकान्यात लिहायचा हे तोच ठरवतो.

या शब्दाच्या मुळाशी घाण नाही, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना सांगितली की ते चमकतात. मुळाशी आहे ‘पाहणे’. उत्तर फ्रान्सच्या जुन्या बोलीत तपासणे या अर्थाचे एक क्रियापद होते. इंग्रजीतला ‘शो’ हा शब्द त्याच्याच भावकीतला. मध्ययुगीन लंडनमध्ये परक्या व्यापाऱ्याने माल विकायला मांडला की त्या मालाची पाहणी होई व त्यावर जकात बसे. त्या जकातीचे नाव ‘स्कॅव्हेज’, आणि ती वसूल करणारा तो ‘स्कॅव्हेजर’. ‘मेसेज’पासून ‘मेसेंजर’ होताना जसा मध्ये एक ‘न’ घुसला तसाच तो इथेही घुसला. म्हणजे मूळचा स्कॅव्हेंजर हा जकातदार होता. हातात झाडू नसलेला, अधिकार असलेला माणूस.

पुढे याच अधिकाऱ्यांकडे रस्त्यांची देखरेख आली. १४१९ साली जॉन कार्पेंटर याने लंडन शहराच्या रूढी-नियमांचा ‘लिबर आल्बस’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात या अधिकाऱ्यांनी घ्यायची शपथ आहे. फरसबंदी दुरुस्त आहे की नाही, गल्ल्या स्वच्छ आहेत की नाही, आगीचा धोका नको म्हणून धुराडी दगडाची बांधली आहेत की नाही, हे त्यांनी पाहायचे. इथेही काम पाहण्याचेच. प्रत्यक्ष कचरा ओढणारे वेगळे होते. त्यांना ‘रेकर’ म्हणत. आणि रात्री संडासाचे खड्डे उपसणारे आणखी वेगळे. त्यांचे नाव ‘गाँग-फार्मर’.

मग देखरेख करणाऱ्याचे नाव उपसणाऱ्याला कसे चिकटले? पदाची कामे खाली सोपवत जाण्याची पद्धत सगळ्या जगात सारखी आहे. अधिकारी ठेकेदार नेमतो, ठेकेदार मजूर नेमतो, आणि कामाचे नाव पायरी-पायरीने खाली येते. १८५१ साली हेन्री मेह्यू याने लंडनच्या कष्टकऱ्यांविषयी लिहिले, तेव्हा हा शब्द दोघांनाही लागत होता: गाड्या-घोडे बाळगून रस्ते साफ करण्याचा मक्ता घेणाऱ्या मालकालाही आणि त्याच्या हाताखाली चिखल ओढणाऱ्या रोजंदारालाही. पुढे मालक त्यातून निसटला आणि शब्द मजुराकडे राहिला. शब्द खाली आला. अधिकारी खाली आला नाही. व्युत्पत्तीकार याला ‘अर्थापकर्ष’ म्हणतात. अर्थाचा अपकर्ष झाला म्हणे, जणू कुणी काही केलेच नाही!

त्याच शतकात लँकेशायरच्या कापड गिरण्यांत चालू यंत्राखाली रांगत जाऊन पडलेला कापूस गोळा करणाऱ्या लहान मुलांनाही स्कॅव्हेंजर म्हणत. त्याच्या कितीतरी आधीपासून मेलेले खाणाऱ्या प्राण्यांना हे नाव मिळाले होते. आपणही वर्गात ‘गिधाड हा निसर्गाचा सफाई कामगार’ असे सहज सांगून जातो. समोरच्या बाकावर सफाई कामगाराची मुलगी बसलेली असते, हे किती शिक्षकांच्या ध्यानात येते?

इंग्लंडात या मजुराची अवहेलना झाली नाही असे मी म्हणत नाही. दारिद्र्य होते, दुर्गंधी होती, तिरस्कार होता. पण त्याच्या मुलाने तेच करावे असे कोणत्याही धर्मग्रंथाने सांगितले नव्हते. राख-कचरा विटा भाजण्याच्या धंद्यात विकला जाई, आणि कचऱ्याच्या ढिगांवर श्रीमंत झालेला माणूस डिकन्सच्या कादंबरीचा विषय होई. हसत लोक त्याला. पण त्याच्या हातचे पाणी बाटते असे कुणी म्हणत नव्हते.

असा हा शब्द साहेबाबरोबर इकडे आला आणि त्याने एका व्यवसायावर बसण्याऐवजी जातीवर बैठक मारली. इथे तर आधीच असे शब्द पडलेले होते, आणि गंमत म्हणजे तेही उंचावरून पडलेले. ‘मेहतर’ म्हणजे फारसीत थोर, सरदार. ‘हलालखोर’ म्हणजे हलालाचे, कष्टाचे खाणारा. ‘हरामखोर’च्या नेमका उलट. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ‘हलालखोर कर’ होता. घरमालक तो भरत, आणि हाउसगल्लीतून टोपलीच्या संडासाकडे मागच्या बाजूने जाणारा माणूस त्या नावाचे ओझे वाहत असे. थोर म्हणून हाक मारायची आणि सावली टाळायची. गांधींनी १९३६ साली ‘हरिजन’मध्ये आदर्श भंग्याचे गुणगान केले, ते याच परंपरेतले.

बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेस-गांधींवरील इंग्रजी ग्रंथात या गौरवाची जी चिरफाड केली, तिचा गाभा माझ्या मते याच शब्दाशी निगडित आहे. ते ‘स्कॅव्हेंजर’ हाच शब्द वापरतात, पण त्याचा इंग्रजी अर्थ उलटा करून दाखवतात. या देशात माणसाला हे नाव कामावरून मिळत नाही, जन्मावरून मिळते. त्याने झाडू हातात धरला नाही तरी ते सुटत नाही. इंग्रजी कोशात हा अर्थ नव्हता. तो बाबासाहेबांना लिहावा लागला.

कायद्याने मात्र तो लिहिला नाही. महाराष्ट्र व गोवा यांच्यासह सहा राज्यांच्या ठरावांवर उभा राहिलेला १९९३ चा कायदा मैला हाताने वाहणाऱ्यापुरता आणि कोरड्या संडासापुरता बोलला. ६ डिसेंबर २०१३ रोजी अमलात आलेल्या नव्या कायद्याने व्याख्या रुंद केली, उघडी गटारे आणि रेल्वेचे रूळ आत घेतले, आणि लगेच एक खिडकी उघडी ठेवली: सरकारने ठरवून दिलेली साधने व संरक्षक वेश वापरून मैला साफ करणारा ‘मॅन्युअल स्कॅव्हेंजर’ मानला जाणार नाही. शिवाय भुयारी गटार आणि सेप्टिक टाकी यांतील काम ‘धोकादायक सफाई’ या वेगळ्या नावाखाली ठेवले.

या दोन नावांचा उपयोग काय होतो, ते २०२१ साली राज्यसभेत दिसले. मॅन्युअल स्कॅव्हेंजिंगमुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही, असे सरकारने सांगितले. गटारांत आणि टाक्यांत गुदमरून मेलेल्यांचे आकडे याच सरकारने संसदेत दिलेले होते; ते दुसऱ्या रकान्यात होते. उत्तर कायद्याच्या भाषेत बिनचूक होते, आणि माझा आक्षेप नेमका त्या बिनचूकपणावर आहे. जात पुसून केवळ ‘काम’ उरवणारा शब्द घेतला की कामाचे तुकडे पाडता येतात, आणि तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्यात शून्य लिहिता येते. मेलेली माणसे कोणत्या वस्तीतून आली होती हे दोन्ही रकान्यांत विचारलेले नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या असे सांगितले, तेव्हा निदान भरपाईपुरती ही भिंत ओलांडली. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. कार्यकर्त्यांनी वस्तीत बसून हे अर्ज भरताना मृताच्या कामाचे वर्णन मराठीत, सविस्तर लिहावे: कोणत्या चेंबरमध्ये, किती फूट खाली, कुणाच्या सांगण्यावरून उतरला, मुकादम कोण, ठेका कुणाचा. ‘स्कॅव्हेंजर’ एवढ्या एका शब्दावर तो रकाना सोडू नये.