पिक्सेल थोडे, म्हणून चित्र स्वस्त?

‘पैसे नव्हते, म्हणून पिक्सेल’ असं आपण पटकन म्हणून टाकतो. कधी टोमणा म्हणून, कधी सूट म्हणून. दोन्ही वेळा चित्र बघायचं राहूनच जातं.

‘सेलेस्ट’ बघा. 2018 साली आलेला हा डोंगर चढायचा गेम आधी पिको-8 वर चार दिवसांत उभा राहिला होता. पडदा 128 बाय 128 पिक्सेलचा, रंग 16. नायिकेच्या वाट्याला मूठभर ठिपके. मग काम केसांनी केलं: हवेत झेप घ्यायची शिल्लक असेल तर लाल, वापरली की निळे. मोठ्या गेममध्येही हीच खूण राहिली. कोपऱ्यात पट्टी नाही, आकडा नाही. पडता पडता आपली नजर तिच्यावरच असते, आणि उत्तर तिथेच मिळतं.

संवादाच्या चौकटीत मात्र तिचा चेहरा मोठा, नितळ रेषांचा. काहींना ते विजोड वाटतं, आम्हाला नाही. दोन्हींची जागा वेगळी आहे. आम्हाला खटकतं ते दुसरंच, आणि ते बऱ्याच गेममध्ये दिसतं: पात्र जाड ठोकळ्यांचं, हातातली तलवार बारीक ठोकळ्यांची. तिथे गरिबीचं कारण चालणार नाही. माप एक ठेवायला पैसा नाही, वेळ लागतो. एकट्याने गेम करणाऱ्याकडे तोच कमी, हेही खरं. तरी तिथे गुण देताना आमचा हात आखडतोच.