खिडकी एक, यंत्रे तीन : ‘टीके’ या साधनसंचाचे परीक्षण

पायथन भाषेची ओळख करून देताना अनेक शिक्षक कासवापासून सुरुवात करतात. ‘पुढे जा, उजवीकडे वळ’ ही आज्ञा चार वेळा दिली की पडद्यावर चौकोन उमटतो आणि वर्ग खूश होतो. तो चौकोन ज्या खिडकीत उमटतो ती खिडकी कोणी उघडली, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. पायथनला स्वतःला खिडकी उघडता येत नाही. ते काम ‘टीके’ नावाचा साधनसंच करतो. पायथनबरोबर मिळणारा ‘आयडल’ हा संपादकही त्याच्याच आधारावर चालतो. म्हणजे नाव ठाऊक नसले तरी वस्तू वापरात आहे. क्रमिक पुस्तकांची परीक्षणे होतात, प्रयोगसाहित्याचीही होतात. मग या साधनाचे का होऊ नये? (त्याच्या नावाला विभक्ती लावली की मराठीत ‘टीका’ या शब्दाचा भास होतो. त्याला आमचा इलाज नाही.)

टीकेचा जन्म पायथनसाठी झालेला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत प्राध्यापक जॉन औस्टरहौट आणि त्यांचे विद्यार्थी १९८० च्या दशकात इंटिग्रेटेड सर्किटचे आराखडे काढणाऱ्या आज्ञावल्या लिहीत असत. अशा प्रत्येक आज्ञावलीला स्वतःची एक छोटी आज्ञाभाषा लागे, आणि घाईघाईने केलेली ती भाषा दर वेळी कच्चीच राही. एकच भाषा नीट बनवावी आणि ती कोणत्याही आज्ञावलीत बसवता यावी, या विचाराने औस्टरहौट यांनी १९८८ मध्ये ‘टीसीएल’ ही स्क्रिप्टिंग भाषा लिहायला घेतली. सी सारख्या भाषेत आधीच तयार असलेले भाग एकमेकांना जोडणे हे स्क्रिप्टिंग भाषेचे काम. ती विटा बनवत नाही, चुना पुरवते. टीके हा तिच्या जोडीचा खिडक्या, बटने आणि मेनू यांचा संच. त्याचे वर्णन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. युनिक्सवर त्या काळी चालणाऱ्या ‘मोटिफ’ या संचात एक साधे बटन पडद्यावर आणायला सी भाषेतील कितीतरी ओळी लागत. टीकेमध्ये ते एका ओळीत येई, आणि ओळ बदलल्यावर पुन्हा कंपाइल करत बसावे लागत नसे.

१९९४ मध्ये औस्टरहौट सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत गेले. तेथे १९९६ मध्ये टीके विंडोज आणि मॅकिन्टॉशवरही चालू लागला. पायथनचे जनक गुइडो व्हान रोसम आणि स्टेन लुमहोल्ट यांनी लिहिलेल्या ‘टीकिंटर’ या जोडभागामुळे पायथनलाही खिडकी मिळाली. एकदा लिहिलेली आज्ञावली तीनही प्रकारच्या यंत्रांवर चालेल, असे हे आश्वासन होते. ते कितपत पाळले गेले, हाच या परीक्षणाचा विषय आहे.

आधी जमेची बाजू. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेली टीकिंटरची छोटी आज्ञावली आज घेतली, पायथनच्या नव्या आवृत्तीसाठीचे किरकोळ फेरफार केले, तर ती बहुधा चालते. आरंभीच्या ओळीत टीकिंटर या नावातला मोठा टी लहान करावा लागतो, काही ठिकाणी कंस घालावे लागतात, बस्स. संगणकाच्या जगात इतके टिकणारे फार थोडे असते. दुसरा गुण म्हणजे मांडणी. बटन पडद्यावर किती अंतरावर बसवायचे हे येथे मोजावे लागत नाही. ‘हे ओळ २, स्तंभ १ मध्ये ठेव’ एवढे सांगितले की बाकीचा हिशेब टीके करतो, आणि खिडकी लहानमोठी केली तर पुन्हा करतो. तिसरा गुण शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. टीकेची आज्ञावली वरून खाली चालून संपत नाही. ती शेवटी एका फेऱ्यात शिरते आणि माऊस वा कळफलकावरून काही घडण्याची वाट पाहत बसते. प्रयोगशाळेत तापमानाचा आकडा दर सेकंदाला ताजा करणारी खिडकी आम्ही विद्यार्थ्यांकडून करून घेतो, तेव्हा बहुतेक जण ‘एक सेकंद झोप’ अशी आज्ञा लिहितात. खिडकी गोठते, कारण वाट पाहणाराच झोपी गेलेला असतो. ‘एक सेकंदाने मला बोलाव’ असे सांगितले की ती जिवंत राहते. या दोन वाक्यांतला फरक कळला की घटनांवर चालणारी आज्ञावली म्हणजे काय हे कळले, मग साधन कोणतेही असो.

आता उणी बाजू. आणि येथे आम्हाला थोडे सविस्तर लिहावे लागेल.

टीकिंटर हा पायथन आणि टीके यांच्यातला थेट पूल नाही. पायथनच्या पोटात टीसीएलचा एक संपूर्ण इंटरप्रिटर बसवलेला असतो, आणि पायथनमध्ये लिहिलेले ‘बटन बनव’ हे वाक्य टीसीएलच्या आज्ञेत रूपांतरित होऊन त्याच्याकडे जाते. मुलाने बंद झालेल्या खिडकीतील बटनाला हात लावला तर येणारा ‘इनव्हॅलिड कमांड नेम’ हा संदेश, आणि त्यापुढचे टिंब व उद्गारचिन्ह असलेले विचित्र नाव, ही टीसीएलची बोली असते. मुलाला ती कोणी शिवकलेली नसते, आणि शिक्षकालाही बहुधा नाही.

याहून त्रासदायक गोष्ट चित्रांची. विद्यार्थी एका फंक्शनमध्ये चित्र वाचतो, ते लेबलाला लावतो, खिडकी उघडते आणि लेबलाची जागा कोरीच दिसते. चुकीचा संदेशही येत नाही. घडते ते असे : फंक्शन संपताच त्या चित्राचे पायथनमधले नाव नाहीसे होते. आता ही वस्तू कोणालाच नको असे समजून पायथन ती टाकून देतो आणि जाता जाता टीसीएललाही ते चित्र पुसायला सांगतो. लेबल ते चित्र वापरत आहे हे टीसीएलच्या बाजूला नोंदलेले असते. पायथनच्या बाजूला ती नोंदच नसते. दोन कारकुनांनी दोन वेगळ्या वह्या ठेवल्या आणि त्या कधी ताडूनच पाहिल्या नाहीत, तसा हा प्रकार. उपाय सोपा आहे : चित्राला लेबलाचाच एक गुणधर्म म्हणून बांधून ठेवावे, म्हणजे पायथनच्या वहीत त्याचे नाव राहते. पण नवशिक्याला हे कसे सुचावे? इतक्या वर्षांत हा खड्डा बुजवला गेला नाही, हे आम्हाला खटकते.

तीन यंत्रांच्या आश्वासनाचे काय झाले, ते एका हिरव्या बटनावरून दिसते. बटनाचा रंग हिरवा करा असे सांगितले की विंडोजवर आणि लिनक्सवर ते हिरवे होते. मॅकवर साध्या बटनाचे अंग करडे ते करडेच राहते. हा अपघात नव्हे. खिडकीचा साधनसंच करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, प्रत्येक बटन स्वतः रेघा ओढून काढायचे; मग ते सर्वत्र सारखे दिसते आणि सर्वत्र परके वाटते. दुसरी, त्या त्या यंत्राचे तयार बटन उसने घ्यायचे; मग ते घरचे वाटते, पण यंत्र जेवढे करू देईल तेवढेच करता येते. टीकेने आरंभी पहिली वाट धरली होती आणि रूप मोटिफसारखे ठेवले होते. १९९७ च्या ८.० आवृत्तीपासून तो काही ठिकाणी दुसऱ्या वाटेने जाऊ लागला. २००७ च्या ८.५ मध्ये ‘टीटीके’ नावाचा नवा, यंत्राप्रमाणे रूप घेणारा बटनांचा संच आला, पण जुना काढला नाही. तेव्हापासून एकाच नावाची दोन बटने आहेत आणि त्यांचे गुणधर्म वेगळे आहेत. जुन्याला रंग थेट देता येतो, नव्याला ‘शैली’ मार्फत द्यावा लागतो. जुनी आज्ञावली मोडू नये म्हणून हे केले. वर आम्ही ज्या टिकाऊपणाचे कौतुक केले त्याचीच ही किंमत.

तीच निवड मराठी शाळेच्या दारात येऊन कशी उभी राहते ते पाहा. लिनक्स असलेल्या संगणकावर टीकेची ८.६ आवृत्ती वापरून बटनावर ‘शिक्षक’ हा शब्द लिहा. युनिकोडमध्ये हा शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो : श, पहिली वेलांटी, क, हलन्त, ष, क. सहा संकेतांक. पडद्यावर काढताना वेलांटी श च्या डावीकडे न्यायची आणि क, हलन्त, ष या तिघांचा मिळून क्ष करायचा, हे काम अक्षरजुळणी करणारी वेगळी आज्ञावली करते. लिनक्सवर टीके अक्षरे काढण्यासाठी ‘एक्सएफटी’ ही लायब्ररी वापरतो. तिला ही जुळणी येत नाही. ती संकेतांकामागून संकेतांक, चित्रामागून चित्र ठेवत जाते. वेलांटी श च्या पुढे पडते आणि पुढच्या क ला चिकटल्यासारखी दिसते; क्ष च्या जागी पाय मोडलेला क आणि वेगळा ष येतो. ‘सूर्य’ मधला रफार आपल्या जागी जात नाही. त्याच संगणकावरचा ब्राउझर मात्र तोच शब्द बिनचूक दाखवतो.

विंडोजवर आणि मॅकवर टीके मजकूर काढण्याचे काम त्या त्या यंत्रावर सोपवतो, म्हणून तेथे शब्द नीट उमटतो. म्हणजे आज्ञावली एकच, यंत्रे तीन, आणि ज्या यंत्रासाठी परवाना विकत घ्यावा लागत नाही तेथेच मराठी मोडते. इंग्रजी ‘टीचर’ तिन्हीकडे शाबूत. लोकांच्या सोयीसाठी फुकट मिळणारी प्रणाली निवडलेल्या शाळेला हे पाहून काय वाटावे? यात कोणाचा कावा नाही. एक्सएफटी ज्यांनी वापरात आणली त्यांना रोमन लिपी पुरेशी होती, आणि नंतर ही जोडणी बदलायला लागणारे हात अपुरे पडले. पण परिणाम तोच. मोडी लिपीची गोष्ट आणखी निराळी. तिला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली ती ६५,५३६ या मर्यादेच्या पलीकडे, आणि टीसीएलची आठवी मालिका अक्षरे १६ बिटांत मोजत असल्यामुळे तिच्याकडे मोडीचे एक अक्षर दोन म्हणून वागवले जाते. हा दोष २०२४ मध्ये आलेल्या ९.० आवृत्तीने काढला.

हात अपुरे पडतात म्हणजे काय, याची कल्पना मॅकवरून येईल. मॅकवरील टीके पूर्वी ‘कार्बन’ या जोडणीवर उभा होता. ६४ बिटांच्या आज्ञावल्यांसाठी कार्बनमधील खिडक्यांचा भाग देणार नाही, असे ॲपलने २००७ मध्ये ठरवले. त्यामुळे टीकेचा मॅककडील खालचा भाग ‘कोको’ या दुसऱ्या जोडणीवर नव्याने रचावा लागला. २०१८ मध्ये मॅकवर गडद रंगाची रीत आली, तेव्हा पुन्हा डागडुजी. मॅकबरोबर मिळणारी टीकेची प्रत जुनीच राहिल्याने पायथनच्या मंडळींनी २०१८ पासून आपल्या मॅकसाठीच्या संचात टीकेची स्वतःची प्रत घालायला सुरुवात केली. हे सगळे घडत असताना कासवाचा चौकोन काढणाऱ्या आज्ञावलीत एक अक्षरही बदलले नाही. ते बदलावे लागले नाही, यासाठीच हे कष्ट होते. आणि हे करणारे कोण? औस्टरहौट यांनी १९९८ मध्ये काढलेली स्क्रिप्टिक्स ही कंपनी २००० मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. त्याच वर्षापासून टीसीएल आणि टीके यांचा कारभार ‘टीसीएल कोअर टीम’ हा गट पाहतो. कारखान्याचा पगारी देखभाल विभाग असतो, तसे येथे काही नाही.

दुसरी वाट पूर्णपणे धरणारा साधनसंच म्हणजे ‘डब्ल्यूएक्सविजेट्स’. १९९२ मध्ये एडिंबरो विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी तो सुरू केला. ‘डब्ल्यूएक्सपायथन’ हा त्याचा पायथनशी जोडणारा भाग. लिनक्सवर तो जीटीकेची बटने उसनी घेतो आणि त्यांच्याबरोबर अक्षरजुळणीही आयती मिळते. तेथे ‘शिक्षक’ नीट लिहिला जातो. पण पायथनची तिसरी पिढी डिसेंबर २००८ मध्ये आली आणि तिच्यासाठी नव्याने रचलेल्या डब्ल्यूएक्सपायथनची ४.० आवृत्ती २०१८ मध्ये. टीकिंटर पायथनच्या स्वतःच्याच घरात असल्याने तो पहिल्या दिवसापासून सोबत होता. ज्या शिक्षकाने मधल्या काळात डब्ल्यूएक्सवर पाठ बेतले असतील त्याला जुन्या पायथनवरच थांबावे लागले असेल.

तेव्हा वर्गात काय वापरावे? कासव, आलेख, साधी खिडकी, एखादा गणकयंत्राचा प्रकल्प यांसाठी आम्ही टीकेच सुचवू. वेगळे काही बसवावे लागत नाही आणि पुढच्या वर्षीही पाठ चालेल. (लिनक्सच्या काही संचांत टीकिंटरचा भाग निराळा बसवावा लागतो, तो सत्राच्या आधी पाहून ठेवावा.) टीटीकेची बटने आरंभी टाळावीत, रंगाचा घोळ कमी होतो, मॅकवरचा सोडून. मराठी प्रश्नमंजूषा करायची असेल आणि संगणक लिनक्सचे असतील तर मात्र टीके वापरू नये. ती ब्राउझरमध्ये दाखवावी, किंवा डब्ल्यूएक्सपायथन बसवून घ्यावा. मुलांना आधी टीकेमधला मोडलेला ‘शिक्षक’ दाखवून सहा संकेतांक फळ्यावर लिहिले आणि वेलांटी कोठे जायला हवी होती हे त्यांनाच शोधायला लावले, तर एक तास चांगला जातो. नववी-दहावीच्या मुलांना ते सहज जमते.