शहाजीराजपुरमची दोन चरित्रे

तंजावरच्या भोसल्यांविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात सरस्वती महाल ग्रंथालय आणि मराठी नाटकाच्या जन्मसालाचा वाद या दोन विषयांनी फार जागा व्यापली आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगविले, त्याच्या दीड शतक आधी तंजावरी शहाजीराजाने मराठी नाटक रचले होते, हे सांगताना आमची लेखणी थकत नाही. याच राजाने एक गावही उभे केले आणि त्या गावाचे स्वतःचे वाङ्मय आहे, इकडे मात्र आमचे लक्ष क्वचितच जाते.

हे गाव म्हणजे कुंभकोणमपासून आठ-नऊ किलोमीटरवर, कावेरीच्या उत्तर तीरावरचे तिरुविशनल्लूर. शहाजीने १६९३ साली ते पंचेचाळीसएक पंडितांना अग्रहार म्हणून दिले व त्यास शहाजीराजपुरम हे नाव ठेवले. राजाने गाव 'वसविले' असे म्हणण्याचा आपला प्रघात आहे. तो येथे जपून पाळावा. येथील शिवयोगीनाथाचे देवालय संबंदरांच्या तेवारात गाइले गेले आहे, म्हणजे शहाजीच्या आधी हजार वर्षे येथे वस्ती होती. राजाने नवी वसविली ती विद्वानांची आळी. जमिनीचे उत्पन्न वाटून दिले, आणि पोटाची चिंता मिटलेल्या घरांतून ग्रंथ निघू लागले. 'जानकीपरिणय' नाटक व 'पतंजलिचरित' काव्य लिहिणारे रामभद्र दीक्षित याच गावचे. सदाशिव ब्रह्मेंद्रांचे अध्ययनही येथेच झाले, असे परंपरा सांगते.

गावाचे पहिले चरित्र या विद्येच्याच भाषेत आहे. येथे राहणाऱ्या श्रीधर वेंकटेशांनी, ज्यांना लोक आदराने अय्यावाळ म्हणतात, 'शाहेंद्रविलास' हे आठ सर्गांचे संस्कृत काव्य शहाजीवर रचले. डॉ. वे. राघवन यांनी संपादून ते १९५२ साली सरस्वती महालाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. इतिहासाच्या अभ्यासकास ते मोलाचे आहे, यात शंका नाही. तथापि प्रशस्तिकाव्याची जात ठरलेली असते. नायक राजा, आणि बाकीचे सारे त्याच्या तेजाने उजळायचे. दान घेणाऱ्याच्या दारात काय घडते, हे सांगण्याची अपेक्षा त्या प्रकाराकडून करताच येत नाही.

ते सांगते दुसरे चरित्र, आणि ते लोकांच्या तोंडी आहे. अय्यावाळांच्या घरी श्राद्ध होते. अस्पृश्य मानलेल्या जातीतला एक भुकेला मनुष्य दारी आला. श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता. अय्यावाळांनी तो त्यास वाढला. पुन्हा सोवळ्याने स्वयंपाक झाला, परंतु ब्राह्मण पानावर बसेनात. गंगास्नानावाचून शुद्धी नाही, हा त्यांचा निर्णय. कावेरीकाठच्या माणसास एका दिवसात काशी गाठण्याची अट! अय्यावाळांनी विहिरीपाशी गंगाष्टक रचले, गंगा विहिरीत उसळली आणि काठ ओलांडून रस्त्यावर वाहू लागली. शेवटी तिला आवरण्याची विनवणी गावालाच करावी लागली.

मराठी वाचकास येथे पैठण आठवल्यावाचून राहणार नाही. एकनाथांच्या घरीही श्राद्धाचे अन्न अंत्यजांच्या मुखी पडले आणि ब्राह्मण रुसले. तेथे पितरच जेवावयास उतरले. दोन्ही कथांचा सांगाडा एक आहे, पण तिरुविशनल्लूरच्या कथेला जी धार आहे ती पैठणच्या कथेला नाही, असे मला वाटते. पैठण हे पुरातन क्षेत्र; तेथला कर्मठपणा कोणी राजाने मुद्दाम आणून ठेवलेला नव्हता. येथे मात्र ज्यांनी दार लावले ती मंडळी विद्येसाठी म्हणून निवडून, उत्पन्न देऊन बसविलेली. कथा खरी की कल्पित, हा प्रश्न मी गौण मानतो. राजाश्रित विद्येवर अशी टीका त्याच आळीने पिढ्यान्पिढ्या सांगत यावे, यात त्या आळीचाही मोठेपणा आहे. आणि पंडितांना दिलेले उत्तर पंडितांच्याच भाषेत, एका स्तोत्राने दिले गेले, हेही विसरता येत नाही. ज्या लेखणीने राजास आठ सर्ग वाहिले, तिचे एक अष्टक गावाने उराशी धरले.

आता मराठीचे काय? शहाजीने 'पंचभाषाविलासा'त संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एका रंगमंचावर नांदविल्या. त्याच्या नावाच्या अग्रहाराने कीर्ती मिळविली ती मात्र संस्कृतात. मराठी या मुलखात रुजली ती वेगळ्या वाटेने. अय्यावाळ, जवळच्या गोविंदपुरमचे बोधेंद्र आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी या तिघांना दक्षिणेची भजनपरंपरा आपले आद्य गुरू मानते. त्या भजनपद्धतीत जयदेवाच्या अष्टपदीबरोबर तुकोबा-नामदेवांचे अभंगही गाइले जातात. ज्यांच्या घरात मराठीचा गंध नाही असे तमिळ गायक 'विठ्ठल' हा शब्द उच्चारतात, तेव्हा तंजावरच्या दरबारापेक्षा पंढरपूर त्यांना जवळचे असते. आमच्या तंजावरविषयक लेखनात या प्रकरणास एखादे पान मिळाले तर ते पुष्कळच म्हणावे लागेल.

शहाजीराजपुरम हे नाव आज ग्रंथांत भेटते. गाव पुन्हा तिरुविशनल्लूरच झाले आहे. बदलीने या बाजूस आलेल्या मंडळींनी तेथे जावयाचे तर कार्तिकातल्या अमावास्येस जावे. त्या दिवशी अय्यावाळांच्या विहिरीत गंगा येते अशी श्रद्धा आहे, आणि पहाटेपासून स्नानासाठी रांग लागलेली असते.