बोळ बंद, घर उघडं

रब्बी ज्वारी पेरून पंधरा-वीस दिवस झाले की ती एकदा सूर्य उगवायच्या आत पाहावी. घाटनांदूरला स्टेशनापासून परळीच्या बाजूला रुळांच्या कडेनं गेलं की काळं रान लागतं. तिथं मी ती पाहिली तेव्हा जवळजवळ प्रत्येक पानाच्या टोकाला एकेक टपोरा थेंब लोंबत होता. सोबतचे शेतकरी म्हणाले, ''दहिवर पडलंय.'' पण दहिवर पडलं की सबंध पान ओलं होतं. इथं पान बोटाला कोरडं लागत होतं आणि ओल तेवढी टोकाला. हा थेंब आभाळातला नव्हे. मुळांनी रात्रभर खालून रेटत वर पाठवलेलं पाणी होतं ते.

मूळ पाणी रेटतं हे वाचायला सोपं आहे. पण मुळाला ना हृदय, ना पंप. ते करतं एवढंच, की मातीतले क्षार वेचून आपल्या गाभ्यात साठवतं. मग त्या क्षारांच्या ओढीनं पाणी आत येतं आणि दाब चढतो. ही सगळी करामत एका अटीवर अवलंबून आहे. आत घेतलेला क्षार मागच्या मागं मातीत झिरपून जाता कामा नये. फुटक्या घागरीत पाणी साठत नाही, तसा गळक्या मुळात दाब टिकत नाही.

ही अट कुठं पाळली जाते ते पाहायला मुळाची चकती काढावी. मूळ धुऊन बटाट्याच्या फाकीत धरायचं आणि दाढीच्या पात्यानं जितकी पातळ निघेल तितकी चकती काढायची. माझ्या पहिल्या सहा-सात चकत्या वाया गेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली नजर आधी गाभ्यातल्या मोठ्या भोकांवर जाते. त्या जलवाहिन्या, त्यांचा थाटच तसा. बाहेर मूलरोमांची झालर, तिच्या आत मध्यत्वचेच्या सैल पेशी आणि त्यांच्यामधल्या फटी. रसिकानं थांबायचं ते मध्यत्वचा आणि गाभा यांच्या सीमेवर, पेशींच्या एकपदरी कड्यापाशी. हीच अंतस्त्वचा.

या कड्यापर्यंत पाण्याला दोन वाटा असतात. एक पेशींच्या आतून, म्हणजे घराघरांतून. दुसरी दोन पेशींमधल्या भिंतींच्या अंगातून, म्हणजे बोळाबोळानं. बोळात कुणी अडवत नाही, कुणी नाव विचारत नाही. मातीतलं बरंवाईट सगळं तिथून सरळ चालत येतं. अंतस्त्वचेपाशी मात्र शेजारी पेशींमधल्या भिंतींत लिग्निनची एक बारीक पट्टी भरलेली असते आणि तिथं बोळ संपतो. पुढं जायचं तर कुणाच्या तरी घरात शिरूनच. घर म्हटलं की उंबरठा आला, पेशीचं जिवंत पटल आलं, आणि कोणत्या क्षाराला आत घ्यायचं, कोणाला नाही, हे ठरवणारी प्रथिनं आली.

ही पट्टी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅस्पारी यानं १८६५ साली वर्णिली, म्हणून ती कॅस्पेरियन पट्टी. तिची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची. साध्या काचेखाली ती सहज हाती लागत नाही. त्यासाठी वापरतात त्यातलं एक रंगद्रव्य म्हणजे बर्बेरीन, आपल्या दारुहळदीला पिवळेपण देणारंच. अतिनील प्रकाशात त्यानं पट्टीचे ठिपके उजळून निघतात. वैद्याच्या बटव्यातली चीज इथं भेटेल असं वाटलं नव्हतं.

पाठ्यपुस्तकं हिला अडथळा म्हणून मोकळी होतात. मला ते वर्णन रुक्ष वाटतं. अडवायचंच असतं तर पेशीची सबंध भिंत बुजवता आली असती. इथं नेमकी तेवढीच कड बुजवली आहे, आणि सौंदर्य आहे ते या काटकसरीत. सबंध पेशीला सुबेरिनचा मेणचट लेप चढतो तो नंतर, मूळ जून होताना. तेव्हाही काही पेशी बिनलेपाच्या राहतात, वाटसरूंसाठी ठेवल्यासारख्या. ज्वारीत तर या कड्याच्या आतल्या भिंतीवर सिलिकाचे कणही बसतात. वरची माती भेगाळते, खालच्या ओलीवर ताट उभं असतं, तेव्हा आतलं पाणी वरच्या कोरड्या मातीनं ओढून नेऊ नये म्हणून हा लेप कामी येतो. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ पाटपाण्याशिवाय कणसावर येते, तिला जमिनीत खोल गेलेल्या मुळांची साथ असते, आणि त्या मुळांना या कड्याची.

लेपही कायमचा नाही. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपावर २०१६ साली दिसलं की पालाश किंवा गंधक कमी पडलं तर सुबेरिन वाढतं आणि लोह कमी पडलं तर ते घटतं. चुनखडीच्या रानात सोयाबीनचं कोवळं पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिलेल्या दिसल्या, की मला हे आठवतं. तिथंही मूळ आपली कवाडं किलकिली करत असेल का? सोयाबीनबद्दल मी छातीठोक बोलणार नाही, पण विचार सुटत नाही.

आणखी एक जागा दाद घेते. पट्टी पुरती जुळली की नाही, हे रोपाला कसं कळतं? गाभ्यातल्या पेशी एक चिमुकलं प्रथिन सोडतात. पट्टीत फट असेल तर ते त्या फटीतून बाहेर पाझरतं. अंतस्त्वचेच्या पेशीला ते जाणवतं आणि ती आणखी लिग्निन भरते. फट मिटली की निरोप पोहोचत नाही, काम थांबतं. घागर गळते का हे पाहायला ती पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत, तशातलीच ही युक्ती. हे उलगडलं २०१७ साली, कॅस्पारीनंतर दीडशे वर्षांनी.

एवढं राखलेलं कडंही फोडणारा एक आहे. ज्वारीच्या मुळातून पाझरणाऱ्या द्रव्याचा सुगावा लागला की टारफुला या परजीवी तणाचं धुळीएवढं बी रुजतं आणि मुळाला चिकटतं. मग त्याचा शोषक अवयव मध्यत्वचा फोडत आत सरकतो. पुष्कळदा तो अंतस्त्वचेपाशी अडतो आणि वाळून जातो. जिथं आत शिरला, तिथं काही आठवड्यांनी मलूल ताटाच्या बुंध्याशी त्याचं इवलंसं पांढरं फूल उभं असतं, आणि आसपासच्या रानापेक्षा ते जास्त टवटवीत दिसतं.